पानातली साखर जाते कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मुळांनी शोषलेलं पाणी शेंड्यापर्यंत कसं चढतं, याबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसतो: पाणी वर जातं हे कळलं, पण पानात तयार झालेलं अन्न झाडभर पोचतं कसं? बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या शाळेपासून अथणीच्या द्राक्षबागेपर्यंत प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या मराठी शाळेत आम्ही तेरड्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवतो आणि देठातल्या लाल रेषा मुलांना दाखवतो. मुलं विचारतात, अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या याच का? त्या वेगळ्या दाखवण्यासाठी एखादा साधा प्रयोग आहे का?
– शिक्षिका, नंदगड परिसर, ता. खानापूर

उत्तर : लाल झालेल्या रेषा म्हणजे जलवाहिन्या. अन्न नेणाऱ्या रसवाहिन्या शाईच्या प्रयोगात रंगत नाहीत. त्यांच्यातला प्रवाह पानाकडून सुरू होतो, कापलेल्या टोकाकडून नाही. शिवाय नळी कापली गेली की तिचं तोंड काही क्षणांत आतल्या प्रथिनांनी बुजतं आणि मागाहून कॅलोज नावाच्या पदार्थाने पक्कं बंद होतं. तेव्हा रसवाहिन्या दाखवायच्या तर सालीचं वलय काढण्याचा प्रयोग करावा. सतराव्या शतकात इटलीचे शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिगी यांनी हाच प्रयोग केला होता.

शाळेच्या आवारातली जास्वंद त्यासाठी उत्तम. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, लाकूड धरलेल्या, शेंड्याकडे निदान आठ-दहा पानं असलेल्या चार फांद्या निवडा. पहिलीवर धारदार पात्याने एकमेकांपासून १ ते दीड सेंटीमीटर अंतरावर दोन गोल काप घ्या. काप फक्त सालीपुरता, लाकडाला पातं टेकलं की थांबायचं. दोन कापांमधली साल पूर्ण सोलून काढा. खाली जो ओला, निसरडा थर लागतो तो कॅम्बियमचा, म्हणजे नवी साल आणि लाकूड तयार करणाऱ्या पेशींचा. तो पात्याच्या पाठीने खरवडून कोरड्या कापडाने पुसा. हे राहिलं तर दोन आठवड्यांत नवी साल येते आणि प्रयोग फसतो. बहुतेक शाळांत नेमकं इथेच चुकतं. उघड्या भागाला व्हॅसलीन लावून वर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा. दुसऱ्या फांदीची साल अर्ध्या घेरापुरतीच काढा. तिसरीवर पूर्ण वलय काढा, पण वलयाच्या वरची सगळी पानं खुडून टाका आणि नवी फुटतील तीही खुडत राहा. चौथी तशीच ठेवा.

साल सहज सुटते ते दिवस निवडावेत. आपल्याकडे जून ते ऑगस्ट चांगले. तीन ते पाच आठवड्यांत पहिल्या फांदीवर वलयाच्या वरच्या कडेला गाठीसारखा फुगवटा येतो, खालची कड होती तशीच राहते. अर्धं वलय काढलेल्या फांदीवर फुगवटा अगदी कमी, कारण अन्न उरलेल्या सालीतून वाट काढतं. पानं खुडलेल्या फांदीवर फुगवटा जवळजवळ नसतो. मुलांना सगळ्यात जास्त शिकवते ती हीच तिसरी फांदी: अडवायला वरून काही आलंच नाही, तर साठणार काय? पहिल्या फांदीची पानं मात्र टवटवीत राहतात, कारण पाणी लाकडातून जातं आणि लाकूड शाबूत आहे. दोन दिवसांत पानं मान टाकू लागली, तर काप लाकडात गेला असं समजा.

वरच्या वर्गासाठी पुढची पायरी पिष्टाच्या चाचणीची. वलय काढून आठ-दहा दिवस झाले की पहिल्या आणि चौथ्या फांदीवर संध्याकाळी जाड काळं कापड बांधा, दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावरच सोडा. दोन्हींचं एकेक पक्व पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा. मग पान स्पिरिटमध्ये घाला आणि ते भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. त्या वेळी शेगडी बंद असली पाहिजे, स्पिरिट थेट आचेवर ठेवायचं नाही. पान पांढरट झालं की कोमट पाण्यात मऊ करून त्यावर पातळ आयोडीनचे थेंब टाका. साध्या फांदीचं पान फिकट राहतं, कारण रात्रभरात पिष्टाची साखर होऊन ती बाहेर गेलेली असते. वलय काढलेल्या फांदीचं पान गडद निळं-काळं होतं, माल बाहेर जायला वाट मिळालेली नसते.

एक सावधगिरी. ऊस, केळी, नारळ, बांबू यांच्यात वाहिन्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले असतात, तिथे वलयाचा उपयोग नाही. टोमॅटो, मिरची, वांगी, भोपळा, दोडका यांच्यात लाकडाच्या आतल्या बाजूलाही रसवाहिन्या असतात, म्हणून साल काढली तरी थोडं अन्न जातच राहतं. ही झाडं टाळा.

प्रयोग संपल्यावर पहिली फांदी फुकट घालवू नका. वलयावर ओलं शेवाळ बांधून प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळलं तर वरच्या कडेतून मुळं फुटतात. गुटी कलम म्हणतात ते हेच.

प्रश्न : जलवाहिनीत पाणी वर चढतं आणि रसवाहिनीत अन्न खाली उतरतं, असं एसएसएलसीला (दहावीला) पाठ केलं होतं. पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) वर्गात सांगितलं की अन्न दोन्हीकडे जातं. मग त्याला ढकलतं कोण? आणि रात्री हे काम बंद असतं का?
– पीयूसीचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : पीयूसीत सांगितलेलं बरोबर आहे. अन्नाला वर-खाली असा नियम नाही. देणाऱ्या भागाकडून घेणाऱ्या भागाकडे, एवढाच नियम. पक्व पान देणारं. मूळ, शेंडा, कोवळं पान, फूल, फळ, कंद घेणारे. बटाटा जमिनीत पोसला जातो तेव्हा तो घेणारा असतो. तोच बियाणं म्हणून लावला आणि कोंब फुटला की देणारा होतो, आणि साखर खालून वर जाते. एका नळीत एका वेळी एकाच दिशेने प्रवाह असतो, पण शेजारची नळी वेगळ्या दिशेने वाहत असू शकते.

आता ढकलण्याबद्दल. रसवाहिनीच्या चाळणी नळ्या जिवंत पेशींच्या बनलेल्या असतात, पण त्या पेशींना केंद्रक नसतं. नळीत अडथळा नको म्हणून बहुतेक सामान बाहेर काढलेलं असतं आणि त्यांचा संसार शेजारची सहपेशी चालवते. बऱ्याच पिकांत पानातली साखर, म्हणजे सुक्रोज, सहपेशी ऊर्जा खर्च करून आत ओढते आणि नळीत भरते. नळीतल्या रसात साखरेचं प्रमाण साधारण १० ते ३० टक्क्यांपर्यंत जातं. बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, तसं लगतच्या जलवाहिनीतलं पाणी या गोड नळीत शिरतं. नळीची भिंत ताणायला मर्यादा आहे, म्हणून दाब वाढतो. पलीकडे मुळात किंवा फळात साखर काढून घेतली जाते, तिच्यामागोमाग पाणी बाहेर पडतं आणि तिथला दाब उतरतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सगळा रस वाहू लागतो. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये ही मांडणी सविस्तर केली आणि आजही तीच सर्वाधिक मान्य आहे.

रसाचा वेग तासाला साधारण ३० सेंटीमीटर ते दीड मीटर. एकेका पेशीतून नुसतं झिरपून साखर हा वेग कधीच गाठू शकली नसती.

नळीत खरोखर दाब आहे हे दाखवून दिलं मावा या रस पिणाऱ्या बारीक किडीने. मावा आपली सुईसारखी सोंड नेमकी एका चाळणी नळीत खुपसतो. १९५३ मध्ये केनेडी आणि मिटलर या शास्त्रज्ञांनी मावा गुंगीत असताना त्याची सोंड कापली, तेव्हा उरलेल्या टोकातून रस आपोआप कितीतरी वेळ ठिबकत राहिला. ओढणारं कोणी नव्हतं. शुद्ध रसवाहिनीचा रस तपासायला मिळाला तोही याच युक्तीने.

रात्री काम बंद नसतं. दिवसा तयार झालेल्या साखरेतला काही भाग पान पिष्टाच्या रूपात बाजूला ठेवतं आणि रात्री तोच साखर करून पाठवतं. हे सगळं जिवंत पेशींवर अवलंबून आहे. खोडाच्या एका पट्ट्याला वाफ देऊन पेशी मारल्या तर अन्न तिथे अडतं, पाणी मात्र जात राहतं, कारण जलवाहिन्या मुळात मृत पेशींच्याच असतात.

एक बारकावा परीक्षेत विचारला जात नाही, पण शेतात फार उपयोगी आहे. कोवळं पान आयतं खातं. पूर्ण आकाराच्या निम्म्याच्या आसपास पोचेपर्यंत ते देणारं होतं, आणि एकदा देणारं झालं की पुन्हा घेणारं होत नाही. पुढे सावलीत गेलं तरी ते इतरांची साखर मागत नाही, पिवळं होऊन गळतं. त्यामुळे ‘खालची पानं वरच्यांचं खातात’ हा समज चुकीचा.

प्रश्न : जनावरांसाठी उभ्या उसाचा हिरवा पाला काढावा की नाही, यावर घरात दरवर्षी वाद होतो. शिवाय ऊस हिरवागार, जाडजूड असूनही रस पाणचट निघतो आणि गूळ धरत नाही. कारण काय?
– ऊस उत्पादक, ता. चिकोडी

उत्तर : दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्र बघू. उसातली साखर पानात तयार होते, रसवाहिनीतून खोडात येते आणि कांड्यातल्या साठवण पेशींत भरली जाते. प्रत्येक पान मुख्यतः आपल्याच भागातल्या कांड्यांना आणि मुळांना पुरवतं. पान वाळलं म्हणजे त्याच्या कांड्याची भरणी बहुतेक पुरी झाली. म्हणून वाळलेलं पाचट काढलं तर साखरेचं नुकसान नाही. ते सरीत आच्छादन म्हणून पसरा, जाळू नका. हिरवं पान काढणं म्हणजे मात्र भरणी चालू असताना पुरवठा तोडणं. चांगल्या उसाला शेंड्याकडे आठ-दहा पूर्ण उघडलेली हिरवी पानं असतात, त्यांना हात लावू नये. जनावरांना तोडणीच्या वेळचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) आणि त्याआधी बांधावरचं गवत. वादाचा निकाल असा लावता येईल.

पाणचट रसाचं कारण बहुतेक वेळा उशिरा दिलेला युरिया आणि शेवटपर्यंत मोकळं पाणी हे असतं. नत्र आणि पाणी भरपूर असलं की शेंडा वाढत राहतो, बुडातून पाणकोंब फुटतात, आणि येणारी साखर साठवणीत न जाता नव्या वाढीत खर्च होते. पालाश कमी असेल तर आणखी बिघडतं. नळीत साखर भरण्याच्या कामाला पालाश लागतं. ते नसलं की पानात साखर तुंबते आणि खोड भुकेलं राहतं. नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीलाच, म्हणजे उसाला मातीची मोठी भर देतानाच संपवा, पालाशचा उरलेला हप्ताही तेव्हाच द्या. तोडणीच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. भारी काळ्या जमिनीत जास्त, मुरमाड जमिनीत कमी.

पाणी तोडल्याने गोडी का वाढते, हे समजून घेण्यासारखं आहे. पाण्याचा थोडा ताण पडला की वाढ आधी थांबते, पानातलं साखर बनवणं त्यानंतर बरंच उशिरा मंदावतं. मधल्या काळातली साखर सगळी साठवणीत जाते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रीही हेच काम करतात. ताण फार झाला, पानं दुपारी गुंडाळून संध्याकाळीही उघडेनाशी झाली, तर मात्र साखर बनणंही थांबतं आणि वजन घटतं.

पक्वता डोळ्यांनी ठरवू नका. रसातली गोडी मोजणारा, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. फडाच्या कडेचे ऊस सोडून आतल्या वेगवेगळ्या जागचे आठ-दहा ऊस निवडा. प्रत्येकाच्या बुडाकडच्या एका कांड्याचा आणि शेंड्याकडे शेवटच्या वाळलेल्या पानाजवळच्या कांड्याचा रस टोकदार पोकळ सुईने काढा आणि ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांचं (मुख्यतः साखरेचं) प्रमाण मोजा. दर वेळी काच पाण्याने धुऊन पुसायची, नाहीतर आधीचा रस पुढचा आकडा बिघडवतो. वरचा आकडा खालच्याच्या खूप मागे असेल, समजा खाली २० आणि वर १४, तर ऊस कच्चा. दोन्ही जवळजवळ सारखे आले की तोडणीला योग्य. वरचा खालच्यापेक्षा जास्त येऊ लागला तर ऊस उतरणीला लागला. तुरा आलेला ऊस फार दिवस ठेवला तर दशी पडते, म्हणजे ऊस आतून भुसभुशीत, पोकळ होतो.

तोडल्यावर देणारी पानं गेली, पण पेशींतली विकरं काम करतच राहतात आणि सुक्रोज फोडू लागतात. फुटलेल्या साखरेचा दाणा धरत नाही, गूळ मऊ होऊन पाघळतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गुऱ्हाळात किंवा कारखान्यात गाळला जावा, उन्हात पडून राहू नये.

प्रश्न : उसाच्या पानांवर चिकट, चमकदार थर येतो आणि नंतर काळी काजळी धरते. हा रोग कोणता?
– ता. कागवाड

उत्तर : पान उलटून बघा. मागच्या बाजूला मध्यशिरेलगत पांढऱ्या लोकरीसारखे पुंजके दिसले तर लोकरी मावा आहे. २००२ साली महाराष्ट्र-कर्नाटकातल्या उसावर याच किडीने मोठं थैमान घातलं होतं. मावा रसवाहिनीचा रस पितो. त्या रसात साखर भरपूर आणि नत्रयुक्त पदार्थ अगदी थोडे. पुरेसं नत्र मिळवायला त्याला खूप रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर तो चिकट थेंबांनी बाहेर टाकतो. काजळी ही त्या साखरेवर वाढलेली बुरशी असते. ती पानात शिरत नाही, पण उजेड अडवते. बुरशीनाशक मारून पैसे घालवू नका, इलाज माव्याचा करायचा. औषध आणण्याआधी पुंजक्यांत डिफा किंवा मायक्रोमस या मित्रकिडींच्या अळ्या आहेत का, ते तपासा. त्या भरपूर असतील तर फवारणी करू नये. त्या अळ्या मावा फस्त करतात आणि औषध त्यांनाच आधी मारतं. बाधित पाला एका फडातून दुसऱ्या फडात नेऊ नका.

प्रश्न : द्राक्षाच्या खोडाची साल गोल काढली की मणी फुगतात म्हणून मागच्या हंगामात केलं. काही वेली सुधारल्या, पण दहा-बारा वेली पिवळ्या पडून मागे राहिल्या. काय चुकलं?
– द्राक्ष बागायतदार, ता. अथणी

उत्तर : गर्डलिंग म्हणजे अन्नाची खाली जाणारी वाट काही आठवडे बंद करणं. मुळाला जाणारी साखर वर अडते आणि घडाकडे वळते. फायदा घडाचा, किंमत मुळाची. हा व्यवहार तीन-चार आठवड्यांत मिटला पाहिजे, म्हणजे जखम भरून नळ्या पुन्हा जुळल्या पाहिजेत. तुमच्या पिवळ्या वेलींत तो मिटला नसावा.

वलयाची रुंदी ४ ते ५ मिमीच असावी. रुंदी जास्त झाली की दोन्ही कडांची वाढ एकमेकींना भेटत नाही, मूळ साठ्यावर जगतं, पांढरी मुळं थांबतात, खत-पाणी उचललं जात नाही आणि पानं पिवळी पडतात. हातातल्या साध्या चाकूने रुंदी सारखी राहत नाही, म्हणून दुहेरी पात्याचं गर्डलिंगचं हत्यार वापरा. सैल झालेली जुनी साल आधी घासून काढा, नाहीतर पातं किती खोल गेलं याचा अंदाज येत नाही. काप लाकडात उतरला तर पाणीही तुटतं आणि वेल दुपारी मरगळते. उलट एखाद्या ठिकाणी सालीचा पूल राहिला तर परिणामच दिसत नाही. म्हणून वलय काढल्यावर बोट फिरवून पूर्ण घेर तपासा.

मणी फुगवण्यासाठी योग्य वेळ म्हणजे फळधारणेनंतर मणी ज्वारीच्या दाण्याएवढे, ४ ते ५ मिमीचे असताना. पाणी उतरण्याच्या अवस्थेत, म्हणजे मणी मऊ होऊन गोड होऊ लागताना केलेलं गर्डलिंग फुगवणीला उपयोगी नाही, तेव्हा ते गोडी आणि रंगासाठी असतं. एकाच हंगामात खोडावर आणि काडीवर दोन्हीकडे करू नये. चार वर्षांखालच्या, अशक्त, सूत्रकृमी लागलेल्या किंवा घडांचा जास्त भार असलेल्या वेलींवर मुळीच नको. प्रत्येक घडामागे दहा-पंधरा निरोगी पानं नसतील तर अडवायला साखरच नाही आणि वलय फक्त मुळाचं नुकसान करतं. वलय काढल्यापासून ते भरेपर्यंत पाण्याचा ताण पडू देऊ नका.

मागे राहिलेल्या वेलींचं वलय उघडून बघा. कडा जुळल्या नसतील तर यंदा त्यांच्यावर घड अगदी कमी ठेवा आणि काही हंगाम गर्डलिंग टाळा.

प्रश्न : रताळ्याचा वेल गुडघाभर माजतो, पण खाली बोटाएवढी रताळी. खत कमी पडतं का?
– ता. बेळगाव, पश्चिम भाग

उत्तर : बहुधा नत्र जास्त पडतं. वेलाचे शेंडे वाढते राहिले की तेच साखर ओढतात. दुसरं कारण आपल्याकडच्या पावसाचं आहे. ओल्या जमिनीवर टेकलेला वेल पेरापेरावर मुळं धरतो आणि प्रत्येक मूळ साखरेला नवा गिऱ्हाईक होतं. मग बुडातलं एक मोठं रताळं होण्याऐवजी वेलभर बारीक गाठी होतात. लावणीनंतर सुमारे महिन्याने आणि पुढे गरजेप्रमाणे एक-दोनदा वेल फक्त उचलून पेरांवरची मुळं तोडा आणि होता तसा खाली ठेवा. वेल उलटा टाकू नका. पानांची तोंडं खाली गेली की ती सरळ होईपर्यंत साखर बनणं मंदावतं. जनावरांसाठी मधल्या काळात वेल कापणं हेही उसाच्या पाल्यासारखंच, काढणीच्या दिवशी कापावा. शेणखत आणि पालाश पुरेसं द्या आणि वरंबे उंच, भुसभुशीत ठेवा. घट्ट जमिनीत साखर पोचली तरी रताळं फुगायला जागा नसते.

प्रश्न : तंबाखूचा शेंडा खुडल्यावर बगलेत इतके फुटवे का येतात? ते नाही काढले तर काय बिघडतं?
– निपाणी

उत्तर : शेंडा असेपर्यंत त्याचा संप्रेरक बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतो आणि साखरही शेंडाच जास्त ओढतो. शेंडा गेला की ती साखर डोळ्यांकडे वळते आणि डोळे जागे होतात. खुडण्याचा हेतू असतो बी-फुलांकडे जाणारं अन्न पानांत राहावं, पान जाड व्हावं. फुटवे ठेवले तर तेच अन्न तिकडे जातं, म्हणजे खुडण्याची मजुरी वाया. फुटवे बोटभर असतानाच, आठवड्या-दहा दिवसांच्या अंतराने काढत राहा. निकोटीन मात्र पानात बनत नाही. ते मुळांत बनतं आणि जलवाहिनीतून वर येतं. शेंडा खुडल्यावर मुळांतलं ते काम वाढतं, म्हणून खुडलेल्या झाडाचं पान कडक होतं.

प्रश्न : गुरांनी आंब्याच्या दहा वर्षांच्या झाडाची साल बुंध्याभोवती वीतभर सोलली. दोन महिने झाले, झाड हिरवं आहे. काही करायला हवं का?
– ता. हुक्केरी

उत्तर : लगेच करायला हवं. हिरवं दिसतं कारण लाकडातून पाणी चढतंय. मूळ मात्र साठवलेल्या अन्नावर जगतंय आणि ते संपलं की झाड एकदम वाळेल. त्याला कधी काही महिने लागतात, कधी वर्ष.

आधी पूर्ण घेर नीट बघा. दोन-तीन बोटं रुंदीची सालीची एखादी उभी पट्टी जिवंत असेल तर झाड तिच्यावर तगू शकतं. पट्टी जपा, बाकीच्या जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. घेर पूर्ण तुटला असेल तर आंब्यात भेट कलमाची पद्धत जास्त भरवशाची. पावसाच्या सुरुवातीला बुंध्यालगत रायवळ आंब्याची तीन-चार रोपं लावा, शक्यतो पेन्सिलीएवढ्या जाडीची. ती तिथे धरली की जखमेच्या वर पाच-सहा सेंटीमीटरवर निरोगी सालीत उलट्या टी आकाराचा काप घ्या. रोपाचा शेंडा तीन-चार सेंटीमीटर तिरपा छाटून सालीखाली सरकवा, दोन बारीक खिळ्यांनी बसवा आणि जोडावर मेण लावून हवा बंद करा. रोप थोडं कमानीसारखं बाकदार राहिलं पाहिजे, ताठ बांधलं तर वाऱ्यात जोड उखडतो. जोड धरला की झाडाची साखर रोपांच्या सालीतून खाली उतरते आणि रोपांची मुळं झाडाला पाणी देतात. रोपांवर बाजूला फुटणारे कोंब काढत राहा. या वर्षी मोहोर काढून टाका, फळांना द्यायला झाडाकडे अन्न नाही.

पुढच्या वेळी साल नुकतीच सोललेली सापडली, तर तुकडे वाळायच्या आत, वरची बाजू वरच ठेवून, जागेवर बसवा, खिळे मारून प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळा. त्याच दिवशी केलं तर बरेचदा धरतात. आणि कुंपणाची किंवा कपडे वाळत घालायची तार झाडाला कायमची आवळून ठेवू नका. खोड जाड होतं तशी तार सालीत रुतते आणि हेच संकट हळूहळू येतं.

प्रश्न : बांडगूळ आणि अमरवेल दोन्ही झाडाचं अन्न खातात का?
– जांबोटी, ता. खानापूर

उत्तर : बांडगुळाला हिरवी पानं असतात. ते मुख्यतः जलवाहिनीतलं पाणी आणि क्षार चोरतं आणि अन्न बरंचसं स्वतः बनवतं. अमरवेल पिवळी, जवळजवळ पानं नसलेली. ती थेट रसवाहिनीला जोडून तयार साखर पिते. बांडगूळ फळं पिकण्याआधी, त्याच्या जोडापासून फूटभर मागून फांदीसकट कापा. नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं. अमरवेल तोडून टाकलेल्या एका तुकड्यापासूनही नव्याने जोडून घेते, म्हणून ती ज्या झुडपावर आहे त्यासकट काढून जाळावी.

प्रश्न : वांग्याची काही झाडं झुडपासारखी होतात, पानं अगदी बारीक, फळ नाही. बुरशीनाशक तीनदा मारलं.
– ता. बेळगाव

उत्तर : हा पर्णगुच्छ रोग. कारण बुरशी नसून फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजीव आहे आणि तो झाडात फक्त रसवाहिनीतच राहतो, साखरेच्या प्रवाहाबरोबर झाडभर पसरतो. त्यामुळे पानांवर मारलेलं बुरशीनाशक त्याला काही करत नाही. रोगी झाड बरं होत नाही, दिसेल त्या दिवशी उपटून जाळा किंवा खोल पुरा. निरोगी झाडांपर्यंत रोग नेतात ते तुडतुडे, म्हणून रोपवाटिकेपासूनच त्यांचा बंदोबस्त करा आणि पिवळे चिकट सापळे लावा. उसातली गवताळ वाढ अशाच एका फायटोप्लाझ्मामुळे होते. तशा फडातलं बेणं लावू नका आणि त्या फडाचा खोडवाही ठेवू नका. बेणेमळ्यासाठी बेणं ५४ अंश सेल्सिअसच्या दमट गरम हवेत अडीच ते चार तास प्रक्रिया करून घ्यावं. ही प्रक्रिया यंत्रातच करायची असते, घरच्या हंड्यात तापमान टिकत नाही आणि डोळे मरतात.